'लाइन ऑफ ड्यूटी', 'ब्रॉडचर्च' : खुनी आधीच ओळखता आला तर मालिका फसली का? (रहस्यभेद आहे!)

शुद्धिपत्र

आधीच सांगते, खाली 'ब्रॉडचर्च'चा पहिला सीझन आणि 'लाइन ऑफ ड्यूटी'चे सहाही सीझन यांतली रहस्यं सरळ फोडली आहेत. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, आधी मालिका बघा, मग या. धागा कुठे पळून जात नाही.

प्रश्न असा आहे. गुन्हेमालिका बघताना खुनी कोण, फितूर कोण, पुढचं वळण कुठलं, याचा अंदाज तुम्ही कशावरून बांधता? आणि अंदाज खरा ठरला तर तुमचा विरस होतो की आनंद?

विचारायचं कारण म्हणजे 'लाइन ऑफ ड्यूटी'चा शेवट. जेड मर्क्युरिओची ही बीबीसीवरची मालिका 2012 साली सुरू झाली. पोलिसांतल्या भ्रष्ट पोलिसांना पकडणारी एसी-12 नावाची तुकडी, तिचा प्रमुख टेड हेस्टिंग्ज, हाताखाली स्टीव्ह आर्नट आणि केट फ्लेमिंग. पहिल्या सीझनपासून एक सूत्र चालत येतं : गुंडांच्या टोळीला आतून मदत करणारे वरचे अधिकारी कोण? तिसऱ्या सीझनच्या शेवटी फितूर डॉट कॉटन मरतो. मरता मरता त्याने दिलेल्या जबाबातून पुढे त्या वरच्या फितुराची खूण म्हणून 'एच' हे अक्षर हाती लागतं. पाचव्या सीझनमध्ये स्टीव्ह तीच चित्रफीत पुन्हा बघतो तेव्हा कॉटनच्या बोटांची हालचाल त्याच्या लक्षात येते. चार ठोके. मोर्स संकेतलिपीत चार ठिपके म्हणजे 'एच', म्हणजे माणसं चार. आधीच उघडे पडलेले कॉटन, हिल्टन आणि बिगेलो हे तिघे झाले. चौथा कोण, या एका प्रश्नावर सहावा सीझन उभा आहे.

आणि 2 मे 2021 च्या शेवटच्या भागात चौथा म्हणून समोर आला इयन बकल्स. ढिला, कामचुकार, दुसऱ्याच्या डोक्यावर काम ढकलणारा अधिकारी. तेव्हापासून जिथे बघावं तिथे लोक लिहितायत : फुसका शेवट, एवढी वर्षं थांबवून हा निघाला, फसवलं.

मला तो शेवट मनापासून आवडला, आणि त्याचं कारण माझ्या कामात आहे. मी मुद्रितशोधन करते. पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका, पत्रिका, येईल ते. या कामात एक गोष्ट अंगात मुरते : माणसाच्या चुकाही ठरलेल्या असतात. 'आशिर्वाद' लिहिणारा पानोपानी 'आशिर्वाद'च लिहितो. 'कोट्यावधी'वाल्याला कितीही वेळा दुरुस्त करून द्या, पुढच्या प्रकरणात 'कोट्यावधी' हजर. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात कुठलं प्रकरण कोणाचं, हे 'महत्व' की 'महत्त्व' एवढ्यावरून कळतं. लेखकाचं नाव झाकून ठेवा, चूक त्याला हाक मारते.

म्हणून पाचव्या सीझनमध्ये टोळीच्या लॅपटॉपवर 'डेफिनिटली' या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'आय'च्या जागी 'ए' दिसला, तेव्हा मी तिथेच चित्र थांबवलं. पडद्यावर दिसणारा मजकूर कोणीतरी बसून टाइप केलेला असतो, चार जणांनी बघितलेला असतो. एवढ्या मोठ्या मालिकेत तो तसा राहतो म्हणजे तो ठेवलेला आहे. पुढे हेस्टिंग्ज स्वतः 'एच' असल्याचं भासवून टोळीशी बोलतो तेव्हा तोही तीच चूक करतो आणि त्याच्यावर संशय येतो. तो सांगतो, आधीच्या संदेशांत बघितली म्हणून मुद्दाम केली. अर्ध्या प्रेक्षकांनी हेस्टिंग्जला तिथेच दोषी ठरवलं. मी मात्र त्या क्षणापासून हेस्टिंग्जला सोडून दिलं. खरी चूक करणाऱ्याला आपण चुकतोय हे माहीत नसतं. ज्याला चुकीचं कारण सांगता येतं तो तो माणूस नव्हेच.

आणि सहाव्या सीझनमध्ये अगदी त्याच चुकीवरून माग काढत एसी-12 बकल्सच्या जुन्या कागदांपर्यंत पोचते. याहून न्याय्य शेवट कसा असतो? पुरावा आपल्या डोळ्यांसमोर होता, दोन वर्षं होता. तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल, विरोधातलं तर नक्कीच.

---

बर्मिंगहॅमकर

शुद्धिपत्र, लेख आवडला, पण मी विरोधी बाकावर बसतो.

आम्ही ही मालिका एका दमात बघितलेली नाही. चौथ्या सीझनपासून तर रविवारी रात्री नऊला बीबीसी वनवर एक भाग, मग आठवडाभर उपास. आणि त्या आठवड्यात आख्खा देश गुप्तहेर झालेला असायचा. सोमवारी आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये चहा घेताना कामाचं कोणी बोलत नसे. आमच्याकडे तर आणखी आपुलकी, कारण पहिल्या सीझनचं चित्रीकरण आमच्या बर्मिंगहॅमचं. दुसऱ्यापासून ते बेलफास्टला गेले. पहिला सीझन पुन्हा लावला की माझी मुलगी अजून रस्ते ओळखत बसते.

आता माझी तक्रार. मर्क्युरिओने आम्हाला अंदाज बांधायला स्वतः शिकवलं आणि मग त्याच शिकवणीवर हूल दिली. आमचा नियम होता, 'मोठा नट म्हणजे मोठा गुन्हेगार'. हा नियम त्याने सुरुवातीलाच मोडला. दुसऱ्या सीझनमध्ये जेसिका रेन एसी-12 मध्ये नवी दाखल होते, आपल्याला वाटतं ही आता टिकणार, आणि पहिल्याच भागाच्या शेवटी तिला हॉस्पिटलच्या खिडकीतून खाली फेकतात. तिसऱ्यात डॅनियल मेज, सगळ्या जाहिरातीत त्याचा चेहरा, आणि पहिल्या भागाच्या शेवटी गोळी. पाचव्यात स्टीफन ग्रॅहम चौथ्या भागात गळा चिरून संपला. इथवर मी टाळ्या वाजवल्या.

सहाव्यात मात्र जेम्स नेस्बिट. मार्कस थर्वेल नावाचा जुना पोलीस अधिकारी, त्याचा नुसता फोटो पडद्यावर आला आणि सगळीकडे एकच गलका : नेस्बिटसारखा नट फोटोपुरता कोण घेतो, हाच चौथा! पुढच्या भागात थर्वेल स्पेनमध्ये मेलेला सापडतो. नेस्बिट मालिकेत फोटोपुरताच होता. कलाकार निवडीतून दिलेली इतकी धीट हूल मी तरी दुसरी बघितलेली नाही, आणि त्याबद्दल मी मर्क्युरिओला मानतो.

पण एवढं केल्यावर पडदा उघडून आत बकल्स? शेवटच्या भागाला त्या रात्री 1 कोटी 28 लाख लोक बसले होते. काचेच्या खोलीत कैद्याला आणतात, कॅमेरा पायापासून चढतो, आमच्या घरात कोणी श्वास घेत नव्हतं. आणि चेहरा दिसल्यावर माझी बायको म्हणाली, "हा? याला तर आधीच पकडलेला ना?" गुन्हेगार ओळखता आला की नाही हा माझा मुद्दाच नाही. ज्या माणसाची मला भीती वाटली नाही, तो इतक्या मुडद्यांच्या मागे होता हे माझ्या पोटाला पटत नाही.

---

खारा वारा

मी 'ब्रॉडचर्च'वाली. समुद्रकाठच्या लहान गावात वाढले, म्हणून ती मालिका मला परकी वाटलीच नाही. गावात एक गोष्ट घडली की सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी बाहेर पडतात, आणि ज्याची बाहेर पडायला हवी ती राहून जाते. 2013 ची मालिका, आठ भाग, इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरचे ते पिवळे कडे, आणि खाली वाळूत अकरा वर्षांच्या डॅनीचं प्रेत.

अंदाज बांधायची माझी पद्धत पुराव्याची नाही. मी कॅमेरा कोणाच्या घरात पाहुण्यासारखा जातो आणि कोणाच्या घरात घरच्यासारखा, ते बघते. ब्रॉडचर्चमध्ये पाद्री, पेपरवाला, प्लंबरचा मदतनीस, मुलाचा बाप, प्रत्येकाच्या घरात कॅमेरा संशय घेऊन शिरतो. फक्त एका घरात तो जेवायला जातो : तपास करणाऱ्या एली मिलरच्या घरात. तिचा नवरा, नाव 'जो', तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन असतो, स्वयंपाक करतो, तिला धीर देतो. त्याला कोणी काही विचारतच नाही. आपल्याकडे सासरच्या माणसाला जसं कोणी विचारत नाही तसं.

सातव्या भागात सुझन राइट नावाची गावातली बाई आपल्या नवऱ्याने घरात काय केलं ते सांगते, तेव्हा एली तिला विचारते, तुला कळलं कसं नाही? ऑलिव्हिया कोलमन ते वाक्य इतक्या चिडून, इतक्या खात्रीने म्हणते की मला तिथेच समजलं. जी बाई हा प्रश्न इतक्या ठामपणे विचारते, तिलाच तो विचारला जाणार. आठव्या भागात खुनी एलीचाच नवरा निघतो आणि डॅनीची आई बेथ तिला नेमकं तेच विचारते. मला उत्तर आधी कळलेलं होतं, तरी मी रडले. कळलेलं होतं म्हणूनच जास्त रडले. पूर्ण भाग मी एलीकडे बघत होते, हिला अजून माहीत नाही, अजून नाही. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना धक्का मिळाला, मला ते दुःख आख्खं मिळालं.

शुद्धिपत्रताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यात आलं. आणि बघा, त्यांनी खुनी शेवटच्या दोन मिनिटांत नाही सांगितला. आठव्या भागात लवकर सांगितला आणि उरलेला वेळ नंतर काय उरतं त्याला दिला. नुसत्या धक्क्यावर जगणारी मालिका असं करत नाही.

उलट उदाहरण 'ग्रेसपॉइंट'. 2014 मध्ये अमेरिकेत फॉक्सने हीच कथा पुन्हा केली, नायक परत डेव्हिड टेनंटच, भाग दहा. मूळ बघितलेल्यांना उत्तर ठाऊक असणार म्हणून शेवट बदलला. मुलाच्या हातून मृत्यू होतो आणि बाप ते स्वतःवर घेतो. वळण वाढलं, पण 'तुला कळलं कसं नाही' या प्रश्नाचा अर्धा जीव गेला. प्रेक्षकाला ओळखता येऊ नये एवढ्याच भीतीने शेवट बदलला की असं होतं.

---

शुद्धिपत्र

खारा वारा, कॅमेरा जेवायला जातो हे फार नेमकं लिहिलंत. मी पुन्हा बघणार आहे ते डोळ्यांत ठेवून.

बर्मिंगहॅमकर, वहिनींचं "याला तर आधीच पकडलेला ना" हेच मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. त्यावर सविस्तर लिहिते, पण आधी बाकीच्यांना बोलू दे.

---

दप्तरखाना

मी या धाग्यावर मालिकेचा जाणकार म्हणून लिहीत नाही. सरकारी नोकरीत असताना माझ्याकडे विभागीय चौकश्या असायच्या. मुलाने आग्रह करून ही मालिका दाखवली आणि मी एका भागापुरता बसलो तो सहाव्या सीझनच्या शेवटीच उठलो.

पहिल्यांदा, यांच्या चौकशीच्या खोलीबद्दल. रेकॉर्डर सुरू झाल्याचा तो लांबलचक कर्कश आवाज, मग शांतता, मग हजर असलेल्यांची नावं. समोरच्या अधिकाऱ्याला आपल्याहून किमान एक हुद्दा वरच्या माणसाने प्रश्न विचारावेत हा त्याचा हक्क. फोल्डरमधला अमुक क्रमांकाचा कागद बघा, आता पडद्यावर अमुक क्रमांकाचं चित्र. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, दोषारोपपत्र, सादरकर्ता अधिकारी, बचाव सहायक, तारखांवर तारखा. पण कागद पुढे सरकवल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याचं जे होतं, ते तिथे आणि इथे एकच. मर्क्युरिओ ते प्रसंग वीस-वीस मिनिटं, त्याहूनही लांब चालू देतो. चार माणसं टेबलाशी बसून बोलतात आणि आपण पाणी प्यायला उठत नाही. पाठलाग, गोळीबार सगळं त्या टेबलापुढे फिकं आहे.

आता बकल्स. बर्मिंगहॅमकर म्हणतात, ज्याची भीती वाटली नाही तो गुन्हेगार पटत नाही. मला तो पहिल्या क्षणापासून पटला.

एक प्रकरण सांगतो. खातं आणि गाव सोडून देतो. रस्त्याच्या कामात खडी कागदावर जास्त आणि जागेवर कमी. सगळ्यांचा संशय एका उपअभियंत्यावर. तो ताठ, वरच्यांशी भांडणारा, बंगला बांधत असलेला, ठेकेदाराच्या गाडीतून फिरलेला. सगळ्यांना तोच हवा होता. मी मोजमाप पुस्तकं मागवली आणि रोज संध्याकाळी एकेक पान बघत बसलो. नोंदी वेगवेगळ्या तारखांच्या, सह्या वेगवेगळ्या, पण काही पानांवर इंग्रजी 7 च्या पोटातून आडवी रेघ होती. उपअभियंता तशी रेघ देत नसे. कनिष्ठ अभियंताही नाही. रेघ देणारा निघाला लेखा शाखेतला एक माणूस, ज्याचं नाव तक्रारीत कुठेच नव्हतं. कोणाच्या अध्यात ना मध्यात. साहेब बदलले तरी टेबल तेच. कोणीही विचारलं तर "फाइल पुढे गेली साहेब" एवढंच उत्तर. त्याने कोणाला धमकावलं नाही, कसला बेत रचला नाही. आलेला कागद आणि सोबत आलेलं पाकीट घेतलं आणि पुढे सरकवलं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी मान वर करून बघितलं नव्हतं, आणि हीच त्याची ताकद होती.

बकल्स म्हणजे हाच माणूस. तो टोळीचा मेंदू नाही, टोळीचा टपालवाला आहे. वरून हुकूम घेतो, खाली पाठवतो, आणि दरवेळी बढती मिळवतो. पहिल्या सीझनमध्ये तो होता, चौथ्यात होता, सहाव्यात सुपरिंटेंडंट होऊन बसला होता. असा माणूस बढत्या कशा मिळवत गेला, हा प्रश्न मालिकेत कोणी विचारला नाही आणि आपणही विचारला नाही. हेस्टिंग्जचं डोकं कसं चालतं, स्टीव्ह कसा दिसतो, केट कोणावर विश्वास ठेवते, यात आपण गुंतलो.

आणि शेवटी पाटी येते की सार्वजनिक सत्तास्थानांतल्या गैरप्रकारांना आळा घालण्याचे एसी-12 चे अधिकार आज इतके दुबळे कधीच नव्हते. मोठा राक्षस पकडून मालिका संपली असती तर ही पाटी खोटी पडली असती. राक्षस मेला, आता सगळं ठीक, असं म्हणत लोक झोपले असते. मर्क्युरिओने ते होऊ दिलं नाही, आणि मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे.

---

कर्जत लोकल

दप्तरखाना काका, सात आकड्याची गोष्ट वाचताना माझं स्टेशन जवळजवळ चुकलं.

मी सगळ्या मालिका ट्रेनमध्ये फोनवर बघतो, त्यामुळे माझी पद्धत साधी. भाग संपायला किती वेळ उरलाय ते बघायचं. वीस मिनिटं उरलेली असताना जो पकडला जातो तो खुनी नसतो. डेन्मार्कची 'फोरब्रुडेल्सन' माहीत आहे का कोणाला? 2007 ची, वीस भाग, तपासाचा एकेक दिवस म्हणजे एकेक भाग. तिथे हा नियम प्रत्येक भागाला लागू पडतो, नवा संशयित येतो आणि सुटतो. आणि शेवटी खून झालेल्या मुलीच्या घरातलाच, बापाच्या धंद्यातला, सगळ्यांना मदत करणारा वाग्न. नटांनाही खुनी कोण ते सांगितलेलं नव्हतं म्हणे शूटिंगभर. मला हे फार पटतं. ज्याला स्वतःलाच माहीत नाही त्याचे डोळे काय फितूर होणार?

पण शुद्धिपत्रताई, एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. ते स्पेलिंग इंग्रजीत अतिशय कॉमन चूक आहे. आमच्या ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतं. आपल्याकडे 'महत्व' लिहिणारे सगळे एकाच टोळीचे का? त्यावरून माणूस पकडणं म्हणजे कच्चा पुरावा नाही का?

आणि दुसरं, चाहत्यांच्या अंदाजाचा एक प्रकार तुम्ही कोणी लिहिलाच नाही : 'मेला नाहीये' प्रकार. याच मर्क्युरिओच्या 'बॉडीगार्ड'मध्ये (2018) गृहमंत्री ज्युलिया मॉन्टेग्यू बॉम्बस्फोटात जाते, मालिकेच्या मध्यावरच. किली हॉजसारखी नटी, ती अशी कशी जाईल? लोक शेवटच्या मिनिटापर्यंत ती दारातून येणार म्हणून बसले होते. ती आली नाही. आणि आपल्या 'सीआयडी'त बरोबर उलटं झालं. एप्रिल 2025 मध्ये एसीपी प्रद्युम्न स्फोटात गेले, जागी नवा एसीपीही आला. आमच्या डब्यातले सगळे म्हणत होते, शिवाजी साटमांना 1998 पासून बघतोय, हे परत येणार. आणि आले. माझी आई अजून म्हणते, मला ठाऊक होतं. तिला तो अंदाज बरोबर आल्याचा जो आनंद झाला तो कुठल्याच धक्क्याने झाला नसता.

---

शुद्धिपत्र

कर्जत लोकल, आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मालिकेतच आहे.

एकटी चूक काहीच सिद्ध करत नाही. 'महत्व' लिहिणारे महाराष्ट्रभर आहेत. पण मला सांगा, एका खोलीत बारा माणसं आहेत, त्यांतल्या एकानेच निनावी चिठ्ठी लिहिली आहे, आणि बारांपैकी एकाच्याच जुन्या कागदांत ती चूक आहे. आता ती चूक बोलायला लागते. एसी-12 कडे ही खोली आधीच लहान झालेली होती : टोळीच्या जुन्या प्रकरणांशी संबंध असलेला, त्या त्या काळी त्या त्या जागी असलेला, कागद हाताळू शकणारा अधिकारी. स्पेलिंगने तपास सुरू होत नाही, संपतो. दप्तरखाना काकांच्या 7 चंही तसंच, आधी मोजमाप पुस्तकं मागवली आणि मग रेघ दिसली.

आता बर्मिंगहॅमकर, वहिनींचं वाक्य. "याला तर आधीच पकडलेला ना." माझ्या मते सहाव्या सीझनचं सगळं कौशल्य इथे आहे, आणि त्याचं कोणी पुरेसं कौतुक केलेलं नाही. सुरुवातीच्या भागांतच बकल्सच्या गाडीत फायली सापडतात. साक्षीदार बाईशी त्याचे संबंध निघतात. त्याला अटक होते. तो तुरुंगात बसतो. तो जितका रडवेला होतो तितकी आपली खात्री होते की हा बिचारा मूर्ख आहे, याला कोणीतरी अडकवतंय, खरा माणूस म्हणजे तपासाची प्रमुख 'जो' डेव्हिडसन किंवा तिच्याही वरचा कोणी. म्हणजे लेखकाने गुन्हेगार आपल्या हातात दिला आणि आपल्याच हाताने त्याला निर्दोष सोडायला लावलं. ज्याच्यावर संशय घेऊन झाला, त्याच्यावर माणूस पुन्हा संशय घेत नाही. मुद्रितशोधनात हे रोज दिसतं, दुसऱ्या प्रुफात दुरुस्त झालेल्या ओळीकडे तिसऱ्या वेळी डोळा जात नाही, आणि नवी चूक त्याच ओळीत निघते.

मी सहावा सीझन दुसऱ्यांदा बघितला तेव्हा फक्त बकल्सकडे बघितलं. नायजेल बॉइल त्याला दोन्हीकडे टिकेल असा करतो. प्रत्येक वेळी तो काम दुसऱ्यावर ढकलतो, आणि प्रत्येक वेळी ढकलल्यामुळे टोळीचा फायदा होतो. पहिल्यांदा बघताना आळस दिसतो, दुसऱ्यांदा हिशेब. एकही प्रसंग खोटा पडत नाही. मला वळण जोखायची हीच कसोटी कळते : उत्तर माहीत असताना पुन्हा बघायचं आणि एकेक प्रसंग तपासायचा. 'ब्रॉडचर्च' त्यात उतरतं. 'डॅलस'मध्ये 1980 साली जे. आर.ला गोळी कोणी घातली यावर जग आठ महिने बोलत होतं, पण तिथे गुपित राखायला वेगवेगळ्या पात्रांकडून गोळी झाडून घेऊन प्रसंग चित्रित केले होते. म्हणजे उत्तर कोणतंही चाललं असतं. असं उत्तर मला नको.

---

बर्मिंगहॅमकर

दप्तरखाना, तुमची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली. ती तुमच्या बाजूला गेली. मी अर्धा आलो आहे.

अर्धा अडकलाय तो जो डेव्हिडसनपाशी. डीएनएचा निकाल, टोळीचा म्होरक्या टॉमी हंटरशी रक्ताचं नातं, हे सगळं इतकं घाईने आटोपलं की केली मॅकडोनल्डसारख्या नटीला जेवढं करायला मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही. तिच्या घरातल्या एकांताचे, दाराच्या त्या सगळ्या कुलपांचे प्रसंग मला बकल्सपेक्षा जास्त लक्षात आहेत. शेवटच्या भागात तिला आणखी वेळ द्यायला हवा होता. यावर मी हटणार नाही.

आता मूळ विषयाकडे, अंदाजाकडे. माझा पुढचा अंदाज लिहून ठेवतो, तारखेसकट इथे राहील. फिलिप ऑसबॉर्न. पहिल्या सीझनमध्ये निरपराध माणूस पोलिसांच्या गोळीने मेल्यावर सगळ्यांना एकसारखा खोटा जबाब द्यायला सांगणारा तोच, आणि त्याला नकार दिला म्हणून स्टीव्ह एसी-12 मध्ये आला. सहाव्यात तोच माणूस चीफ कॉन्स्टेबल होऊन पत्रकार परिषदा घेतोय. कथा जिथून सुरू झाली तो माणूस अजून सुटा आहे. मर्क्युरिओ ते विसरलेला नाही.

---

शुद्धिपत्र

डेव्हिडसनबद्दल पूर्ण सहमत. तिची कुलपं मलाही आठवतात.

ऑसबॉर्नबद्दल मात्र माझा अंदाज वेगळा. तो भ्रष्ट आहे हे मालिकेने पहिल्याच भागात सांगून टाकलंय, त्यात उलगडायला काही नाही. माझं लक्ष पॅट्रिशिया कारमायकल या वरिष्ठ अधिकारी बाईवर आहे. हेस्टिंग्ज शेवटी तिच्याकडे जाऊन जॉन कॉर्बेटच्या (टोळीत घुसलेला पोलीस, पाचव्यातला स्टीफन ग्रॅहम) बाबतीत आपण काय केलं ते कबूल करतो. ते आता तिच्याकडे आहे. ती ते वापरते की दाबून ठेवते, आणि वापरलं तर कोणासाठी, यावर पुढची कथा उभी राहील असं मला वाटतं. ॲना मॅक्सवेल मार्टिन गोड हसत समोरच्याला कागद देते तेव्हा ती कोणाच्या बाजूची आहे हे मला अजूनही सांगता येत नाही, आणि दोनदा बघूनही जिच्याबद्दल सांगता येत नाही अशी ती एकटीच उरली आहे.

दप्तरखाना काका, पाचव्या सीझनमधली हेस्टिंग्जची चौकशी कारमायकल घेते, ती तुम्ही पुन्हा बघाल का? तिने कुठले कागद पुढे केले आणि कुठले फोल्डरमध्येच ठेवले, हे तुमच्या नजरेतून वाचायचं आहे.

---

दप्तरखाना

बघतो. रविवारी वही घेऊन बसतो आणि इथेच लिहितो. ऑसबॉर्न की कारमायकल यावर मत मात्र तोवर राखून ठेवतो.